खाऱ्या वाऱ्यातला बटणगुलाब

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



व्याख्यान देण्याची माझी योग्यता नाही, हे आधीच सांगून टाकते. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. आजवर मंडळात मी सतरंज्या घातल्या, चहा केला, वाणाची पुडकी बांधली. या टेबलामागे उभे राहण्याची वेळ आज पहिलीच. परंतु चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या दारातल्या गुलाबांविषयी सांगा. रस्त्याने जाणारी प्रत्येक बाई थांबून विचारते, की समुद्र हाकेवर असताना हे जगतात कसे? एकेकीला सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगून टाका." हे म्हणणे मला पटले. एकेकीला सांगता सांगता माझी आमटी आजवर चारदा करपली आहे.

आपल्या अष्टागरात काय येत नाही? नारळ आहे, पोफळ आहे, केळ आहे. फुलांत जास्वंद, अनंत, सोनचाफा, अबोली, मोगरा. पण गुलाबाचे नाव काढले की बायका हात झटकतात. "गुलाब पुण्या-नाशकाकडचा, आपल्या खाऱ्या वाऱ्यात तो टिकायचा नाही," हे वाक्य मी लग्न होऊन या घरी आले तेव्हापासून ऐकते आहे. ऐकून ऐकून ते खरेच वाटू लागते. त्याला पुरावाही मिळतो, कारण प्रत्येक घरी एक तरी गुलाब आणून मेलेला असतो.

आमच्या घरचाच दाखला देते. माझ्या भावाने एकदा हौसेने चार कलमी गुलाब आणून दिले. काय ती फुले! एकेक फूल वाटीएवढे, देठ हातभर. पहिला हिवाळा आम्ही सगळे त्यांच्याभोवती फिरत होतो. चैत्र-वैशाखात पानांच्या कडा करपल्या, पावसाळ्यात फांद्या वरून काळ्या पडत खाली आल्या, आणि दसऱ्यापर्यंत चारांतली तीन झाडे गेली. चौथ्याला मात्र जोरदार फूट आली. सरळ वर गेलेल्या लांबलचक फांद्या, पाने दाट, काटे भरपूर, आणि फूल एकही नाही. आमच्या घरचे म्हणाले, "झाड तर जोमात आहे, मग फुलत का नाही?"

याचे कारण समजून घ्यावे, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. नर्सरीत मिळणारे मोठ्या फुलांचे गुलाब हे बहुधा डोळा भरलेले असतात. म्हणजे खाली मूळ आणि बुंधा एका रानटी, दणकट गुलाबाचा, आणि त्यावर चांगल्या गुलाबाचा डोळा बांधलेला. वरचा भाग हवेने, रोगाने किंवा मिठाने मेला, तर खालचे रानटी झाड फुटते. आपण त्याला पाणी घालीत राहतो आणि वाट बघत बसतो. आमचे चौथे झाड तसे झाले होते. दोष कुणाचाच नव्हता. ती जातच निराळ्या हवेसाठी तयार केलेली. तिला कोरडी हवा पाहिजे, मोठी छाटणी पाहिजे, औषधांच्या फवारण्या पाहिजेत. हे सगळे करायला एक माळी ठेवावा लागतो, आणि आपल्या घरात माळी, मोलकरीण, स्वयंपाकीण सगळ्या एकच बाई असते.

मी जो गुलाब लावला आहे त्याला आपल्याकडे बटणगुलाब म्हणतात. झाड वीत-दीड वीत, फार झाले तर गुडघ्याच्या जरा खाली. फूल रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे. पाने लहान, काटे बारीक. हा गुलाब साध्या फांदीपासून होतो, त्याला कलम लागत नाही. म्हणजे मूळ त्याचे आणि फूलही त्याचेच. वरून सगळा वाळला आणि जमिनीतून नवी फूट आली, तर ती बटणगुलाबाचीच येते. आपल्या हवेत ही गोष्ट लाखमोलाची आहे, कारण आपल्याकडे वरून वाळणे हे कधी ना कधी व्हायचेच.

धाकट्या दिरांची मुलगी शेतकी कॉलेजात आहे. तिने मला याचे कूळ सांगितले. बारमाही फुलणारे गुलाब हे मुळात चीनकडचे, आणि त्यांच्यातच हा ठेंगणा प्रकार निघाला. शंभर वर्षांपूर्वी स्वित्झर्लंड देशातल्या एका गावात लोकांनी खिडकीतल्या कुंड्यांत असला वीतभर गुलाब वाढवलेला होता. रूले नावाच्या गृहस्थांच्या तो नजरेस पडला, आणि त्यांचे नाव त्या गुलाबाला मिळाले. पुढे पुष्कळ बटणगुलाब त्याच्यापासून निपजले. मला हे ऐकून मोठी गंमत वाटली. बागा राजेरजवाड्यांच्या, आणि हा गुलाब मात्र कुणाच्या तरी खिडकीत, स्वयंपाकाच्या उरलेल्या पाण्यावर वाढलेला असणार. निदान मी तरी तसेच समजते.

त्याचे उणेही सांगायला हवे. वास जवळजवळ नाही. देठ आखूड, म्हणून फुलदाणीत शोभत नाही. गुलकंदाला उपयोग नाही. त्याला सुवासिक गावठी गुलाबच पाहिजे. पण देवाला चालतो, वेणीत बसतो, हळदीकुंकवाच्या ताटात चांगला दिसतो, आणि झाडावर फूल चार-पाच दिवस टिकते. मार्गशीर्षातल्या गुरुवारी बाजारात फुलांचे भाव काय होतात ते तुम्हांला ठाऊकच आहे.

आता जागेविषयी. हे सांगताना वादळाचा विषय निघतोच, त्याला इलाज नाही.

३ जून २०२० चे निसर्ग वादळ आपण सर्वांनी पाहिले आहे, मी वर्णन करीत बसत नाही. आमच्या वाडीतल्या सत्तरावर पोफळी आणि नऊ माड त्या एका दुपारी आडवे झाले. त्यांतल्या पुष्कळशा पोफळी माझ्या सासूबाईंनी आणि मामंजींनी जोडीने लावलेल्या होत्या. सासूबाईंनी त्या दिवसापासून मागच्या दारी येणे सोडले. पुढच्या ओटीवर बसत, पण वाडीकडे तोंड करून बसत नसत. पोफळ लावली की धरायला सहा-सात वर्षे जातात. ऐंशीच्या घरातल्या बाईला हा हिशेब कुणी समजावून सांगावा लागत नाही.

त्या वादळाने आमच्या घराच्या पूर्वेला प्रथमच ऊन आले. तोपर्यंत तिथे भर दुपारी दिवेलागणीसारखा काळोख असे. गुलाबाला निदान पाच-सहा तास ऊन पाहिजे, आणि तेही सकाळचे असेल तर उत्तम, कारण रात्रीचे दव पानांवरून लवकर वाळते. शिवाय पूर्व बाजू म्हणजे समुद्राच्या उलट बाजू. उन्हाळ्यात दुपारचा वारा वायव्येकडून येतो, पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून. दोन्ही वेळा मध्ये घर उभे. घरासारखा आडोसा फुकट मिळत असताना आपण बायका गुलाब लावतो कुठे, तर पुढच्या फाटकाशी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. फाटक पश्चिमेला असेल तर तो गुलाब वाऱ्याच्या तोंडीच दिला म्हणायचा.

आता ती तीन हात रुंद जागा मी मागितली तेव्हा घरात बोलणे झाले. सासूबाई म्हणाल्या, "इथे पोफळ होती, इथे पोफळच लागेल." आमच्या घरचे गप्प बसले. वाडीचा व्यवहार पुरुषांचा, सुपारीचा हिशेब पुरुषांचा. आम्हां बायकांच्या वाट्याला तुळस आणि कढीलिंब. मी म्हटले, "आई, दक्षिणेला आणि पश्चिमेला नव्या पोफळी लागताहेतच. एवढी पूर्वेची पट्टी मला द्या." त्या काही बोलल्या नाहीत. तीन-चार दिवसांनी भांडी घासताना मागून आवाज आला, "लाव बाई काय लावायचे ते. पोफळ धरेपर्यंत दोघींनी काय नुसते बघत बसायचे?" वादळानंतर त्या मागच्या दारी आलेल्या मी तेव्हा प्रथम पाहिल्या.

वाफा केला तो पडलेल्या पोफळींच्याच खोडांनी. बारा फूट लांब, तीन फूट रुंद, वीतभर उंच. खोडे दोन-तीन वर्षांत कुजतात, मग विटांचे तुकडे लावावे. उंच वाफा का, तर आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. गुलाबाला पाणी आवडते, पण पाण्यात उभे राहणे सोसत नाही. सव्वा-सव्वा फुटावर दोन रांगांत अठरा झाडे बसली. जागा नसेल तर दहा इंची कुंडीतही हा गुलाब खुशाल राहतो; चाळीत राहणाऱ्या भगिनींनी मुळीच निराश होऊ नये.

ज्यांच्या घराची पूर्व बाजू मोकळी नाही त्यांनी आडोसा करावा. पण त्यासाठी भिंत बांधू नये. वारा भिंतीवर आपटून वर चढतो आणि पलीकडे गिरकी घेऊन खाली उतरतो, नेमका झाडांवर. त्यापेक्षा झापांचा कूड चांगला, किंवा जास्वंदीचे दाट कुंपण. त्यातून वारा गाळून येतो, त्याचा जोर मोडतो आणि खार पुष्कळशी त्याच पानांवर अडकते. जास्वंद ती सोसते.

मिठाची गोष्ट नीट सांगते, कारण गुलाब मरतो तो याने. लोणच्याच्या कैरीच्या फोडींना मीठ चोळले की काय होते? फोडीतले पाणी बाहेर येते. जमिनीत मीठ जमले की मुळांचे तसेच होते. माती ओली दिसते, पण मुळांना ते पाणी ओढता येत नाही. झाड पाण्यात उभे असून तहानेने मरते. खूण अशी, की पान मधून हिरवे आणि कडेने तांबूस, करपल्यासारखे. आपल्याला वाटते पाणी कमी पडले, म्हणून आपण विहिरीचे आणखी पाणी घालतो. आणि उन्हाळ्यात ते पाणीच मचूळ असते.

किनाऱ्याजवळच्या विहिरी चैत्रानंतर मचूळ होतात, हे पाणी भरणाऱ्या बाईला सांगायला नको, जीभच सांगते. जे पाणी आपल्याला पिववत नाही ते गुलाबालाही नको, एवढा साधा नियम मी ठेवला आहे. त्यासाठी घराच्या पागोळ्यांखाली दोनशे लिटरची दोन पिंपे ठेवली आहेत. परतीच्या पावसात ती भरून घेते आणि डास होऊ नयेत म्हणून तोंडाला जुन्या धोतराचे फडके घट्ट बांधते. हे पाणी शिमग्यापर्यंत कुणी हात लावायचा नाही. अठरा झाडांना एकाआड एक दिवस तांब्या-तांब्या पाणी, म्हणजे दोन पिंपांत दीड महिना निघतो. नेमका तोच दीड महिना वाईट. मध्ये पंधरा दिवसांनी एकदा, संध्याकाळी नव्हे तर सकाळी, याच पाण्याने पाने धुऊन काढते; पानांवर बसलेली खार जाते, आणि पानाच्या पाठीमागे उन्हाळ्यात होणारी लाल कोळीची बारीक किडही धुऊन जाते.

येथे मासळीची एक गोष्ट. आपल्या बायका मासळी धुतलेले पाणी झाडांना घालतात. ताज्या मासळीचे, गोड्या पाण्यात धुतलेले असेल तर चांगलेच आहे, फक्त वर माती ओढावी, नाहीतर मांजरे वाफा उकरतात. पण सुकट, सुके बोंबील, खारवलेला मासा धुतलेले पाणी चुकूनही घालू नये. भाताच्या पेजेत मीठ घातले असेल तर तीही नको.

मातीतही खार लपलेली असते. कुंडी भरायला पुळणीवरची वाळू सोयीची वाटते, पाटी घेऊन गेले की झाले. ती घेऊ नये. त्यात मीठ तर आहेच, शिवाय शिंपल्यांचे चूर्ण आहे, आणि शिंपला म्हणजे चुना. आमच्या वाडीत कुठेही हात घाला, शिंपल्यांचे तुकडे लागतात. अशा चुन्याच्या जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. मग कोवळे पान पिवळे पडते आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून मी डोंगरउताराची तांबडी माती दोन भाग, चांगले कुजलेले शेणखत एक भाग, आणि आमची वाडीची माती एक भाग अशी घेतली. वाफ्याच्या तळाला घरच्या नारळांची सोडणे उपडी पसरली. ती पाणी धरून ठेवतात. अंड्याची टरफले घाला असे पुष्कळ जणी सांगतात. पुण्याला घालत असतील. आपल्याकडे चुन्याला काय तोटा आहे?

पावसाळ्याविषयी थोडे. आज सभेला येताना तुम्ही माझी झाडे पाहिली असतील तर मनात म्हणाल, ही बाई कोणत्या गुलाबांचे कौतुक सांगते आहे! श्रावणात ती ओकीबोकी दिसतात. सततच्या ओलीने पानांवर काळे ठिपके पडतात, भोवती पिवळे होते, पान गळते. हा बुरशीचा रोग आहे, आणि आपल्या पावसात तो पुरता टाळता येईल असे मला वाटत नाही. गळलेली पाने रोज वेचून चुलीत घालावी, कारण रोग पुन्हा त्यांच्यावरूनच उडतो. पावसाच्या आरंभी पोफळीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण करतात, त्यातले थोडे त्याच दिवशी, नाकाला पदर बांधून, एकदा मारून घेते. बाकी काही करीत नाही. उपटून मात्र टाकू नये! माझ्या शेजारच्या वहिनींनी गेल्या साली भाद्रपदात दोन रोपे मेली म्हणून उकिरड्यावर टाकली, ती मी उचलून आणली, आणि दिवाळीला त्यांनाच त्यांची फुले नेऊन दिली.

वर्षातले मोठे काम एकच, आणि ते कोजागिरीनंतर. पाऊस पुरता गेला, हवा कोरडी झाली, की कात्री घ्यायची आणि झाडाचा वरचा तिसरा हिस्सा उतरवायचा. वाळकी, काळी पडलेली फांदी असेल तर काळे जिथे संपते त्याच्या बोटभर खाली, हिरव्यात कापायची. मोठ्या गुलाबासारखे डोळे मोजत बसायला नको. मग घमेलेभर शेणखत चार झाडांत वाटून द्यायचे आणि पाणी सोडायचे. छाटल्यापासून साधारण दीड महिन्याने फुले येतात. म्हणजे कोजागिरीला छाटले की मार्गशीर्षाच्या गुरुवारांना फूल तयार. ती फुले वाळू लागली की देठासकट खुडावी, की पुन्हा महिना-दीड महिन्यात, संक्रांतीच्या सुमारास, दुसरा बहर येतो. फूल झाडावर वाळू दिले तर झाड बी धरायच्या मागे लागते आणि पुढची फुले लांबतात.

हे खुडायचे काम सासूबाईंनी आपणहून घेतले. सकाळी ऊन अंगावर घेत पाटावर बसतात आणि एकेक वाळके फूल अडकित्त्याने काढतात. घरची सुपारी नाही, तर अडकित्ता रिकामाच होता. खरे म्हणजे अडकित्त्याने देठ चेंगरतो, कात्री बरी. पण मी ते त्यांना सांगत नाही. त्या आज सभेला आलेल्या नाहीत म्हणून तुम्हांला सांगते. कोणत्या झाडाला किती कळ्या आहेत हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक असते.

खताचे फार अवडंबर करू नये. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरते. शेंगपेंड भिजवून दहापट पाणी घालून देता येते, पण तिच्या वासाने घरात बोलणी खावी लागतात. मावा पडला तर बोटाने पुसून काढावा. फारच झाला तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुलिंबाचे तेल आणि साबणाचे थोडे पाणी घालून सूर्य उतरल्यावर मारावे. हिवाळ्यात पानांवर भुरी येते, ती खालची दाट फांदी काढून हवा खेळती केली की पुष्कळशी आटोक्यात राहते. रोजचे काम म्हणाल तर दहा मिनिटांचे. चहाचे आधण ठेवले की मी बाहेर जाते, आणि आधणाला उकळी फुटायच्या आत परत येते.

आता एक गोष्ट मी मुद्दाम सांगणार आहे. दक्षिणेकडच्या नव्या पोफळी आता दोन पुरुष उंच झाल्या आहेत. आणखी दोन-तीन वर्षांत त्या धरतील आणि माझ्या वाफ्यावर त्यांची सावली पडू लागेल. पोफळी वाढाव्या हीच घरातल्या सगळ्यांची इच्छा, माझीही आहे. त्यांच्यावर आमचे पोट आहे. तेव्हा हा वाफा कायम राहायचा नाही, हे मी धरून चालले आहे. निम्मी झाडे कुंड्यांत घालून ओटीवर येतील. बाकीची तुमच्या दारांत जावी असे मला वाटते, आणि त्यासाठी मंडळापुढे मी एक सूचना ठेवते.

संक्रांतीला आपण वाण लुटतो. गेली काही वर्षे प्लॅस्टिकच्या डब्या, गाळण्या, साबणाच्या पेट्या. कुणाला नावे ठेवायची नाहीत, वर्गणीत बसते तेच आणावे लागते. पण माझ्या घरी तशा चौदा डब्या पडून आहेत, तुमच्याही असतील. यंदा वाण म्हणून बटणगुलाबाचे रोप द्यावे. नर्सरीत हे रोप साठ-सत्तर रुपयांना पडते. आपल्याला ते जवळजवळ फुकट पडेल. कोजागिरीच्या छाटणीत एका झाडाच्या पाच-सहा फांद्या निघतात, म्हणजे अठरा झाडांच्या शंभरेक. आपल्या सभासद बावन्न. शंभरांत साठ लागल्या तरी सगळ्यांना पुरतात.

करायचे ते असे. नुकतेच फूल गळलेली, फार कोवळी नाही आणि फार लाकडी नाही अशी फांदी घ्यावी. पाच-सहा बोटे लांब, चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. खालची पाने काढावी, वरची दोन ठेवावी. दुधाच्या पिशवीला तळाशी चार भोके पाडून तिच्यात नदीची धुतलेली वाळू आणि तांबडी माती निम्मे-निम्मे भरावी, आणि दोन डोळे मातीत जातील अशी फांदी रोवावी. सावलीत ठेवावे, माती ओलसर राखावी, पण चिखल करू नये. तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात. मध्येच उपटून मुळे आली का ते बघण्याचा मोह होतो, तेवढा आवरावा. नवे पान आले की हळूहळू सकाळच्या उन्हात आणावे. पहिली कळी आली तर खुडून टाकावी, म्हणजे रोप अंग धरते. कोजागिरीपासून संक्रांतीपर्यंत अडीच-तीन महिने मिळतात. तेवढ्यात देण्याजोगे रोप होते.

अध्यक्षीणबाईंनी आणि सभेने मान्य केले तर कोजागिरीनंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी तीन वाजता माझ्या घरी यावे. प्रत्येकीने दुधाच्या दोन पिशव्या स्वच्छ धुऊन आणाव्या आणि एक चांगली कात्री. नदीची वाळू आणायला ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. मातीचे आणि चहाचे मी बघते. ज्यांच्या दारात सकाळचे ऊन मुळीच येत नाही त्यांनी मला आधी सांगावे, म्हणजे त्यांच्यासाठी मी अबोलीची रोपे काढून ठेवीन.